गेम तीनदा डिलीट केला, तीनदा परत आला

पत्राचा सारांश (नाव आणि गाव वगळून) :

‘मी २४ वर्षांचा आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्यात आलो, त्याला तिसरं वर्ष चालू आहे. गेल्या पूर्वपरीक्षेत दोन मार्कांनी राहिलो. त्यानंतर डोकं शांत करायला म्हणून बीजीएमआय हा मोबाइलवरचा लढाईचा गेम खेळू लागलो. सात महिन्यांत रोजचे सात-आठ तास झाले. रात्री दहाला बसतो, पहाटे चारला झोपतो, दुपारी बाराला उठतो. अभ्यासिकेची फी भरतोय, पण दोन महिने तिथे पाय ठेवलेला नाही. यूसीसाठी (गेममधलं विकत घ्यायचं चलन) रूम पार्टनरकडून १४ हजार रुपये उसने घेतलेत. अण्णा महिन्याला ९ हजार पाठवतात आणि फोनवर मी ‘अभ्यास चांगला चाललाय’ म्हणतो. दिवाळीला गावी गेलो नाही. गेम तीनदा डिलीट केला, तीनदा परत टाकला. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का? मी व्यसनी झालोय का? सगळं सोडून गावी जाऊ का? अण्णांना सांगायची हिंमत होत नाही.’

प्रिय मित्रा,

तू चार गोष्टी मांडल्यास, पण सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सुरुवातीलाच जाता जाता सांगून गेलास. खेळ सुरू झाला तो दोन मार्कांनी हुकल्यानंतर. माझ्या मते सगळा गुंता तिथे आहे.

राज्यसेवेची तयारी माणसाला काय देते ते बघ. वर्षभर वाचायचं, निकाल एकदाच, आणि दोन मार्क कमी पडले की त्या वर्षाचं हातात काहीच राहत नाही. मधल्या काळात आपण पुढे चाललोय की जागच्या जागी आहोत, हे कुणी सांगत नाही. आता गेम बघ. अर्ध्या तासात मॅच संपते. शंभरात कितवा आलास, किती किल झाले, टियर म्हणजे गेममधला दर्जा चढला की उतरला, सगळं तिथल्या तिथे समोर. स्क्वॉडमधले, म्हणजे चौघांच्या टीममधले बाकीचे तिघे तुझी वाट बघत असतात, तुझ्यावाचून त्यांचं अडतं. हरलास तर पाच मिनिटांत नवी संधी मिळते. जे तुला वर्षभरात एकदाही मिळालं नाही, ते इथे रात्रीतून दहा वेळा मिळतं. त्या निकालानंतर मन तिकडे धावलं, यात मला नवल वाटत नाही.

म्हणून ‘इच्छाशक्तीच नाही’ हे तुझं निदान मला पटत नाही. तू तीनदा डिलीट केलास, म्हणजे इच्छा होती. डिलीट करण्याची रीत चुकली. तिन्ही वेळा वेळ कुठली होती, आठवून बघ. बहुतेक पहाटेची असेल, चार मॅच ओळीने हरल्यावर, स्वतःचा राग आलेला असताना. त्या वेळचा निर्धार झोपेतून उठेपर्यंतच टिकतो. शिवाय ॲप काढलं तरी आयडी जिवंतच राहतो. टियर, स्किन (पोशाख, बंदुकांची सजावट), मित्रांची यादी सगळं कंपनीच्या सर्व्हरवर जसंच्या तसं असतं. रूमच्या वायफायवर ॲप पुन्हा उतरवायला काही मिनिटं लागतात आणि लॉगिन केलं की जिथे सोडलं तिथून सुरू. त्यात क्लॅनचा, म्हणजे गेममधल्या तुमच्या मोठ्या गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप चालू, यूट्यूबवरचे स्ट्रीम चालू आणि रात्री दहा ते चार हे सहा तास रिकामे. अशा वेळी कुणीही परत टाकला असता.

आता ‘व्यसनी झालोय का’ याचं उत्तर. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात तीन गोष्टी पाहतात. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकीच्या आयुष्यापेक्षा खेळाला वरचं स्थान मिळणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहणं किंवा वाढणं. हे साधारण १२ महिने चाललेलं असावं लागतं. त्रास तीव्र असेल तर त्याआधीही निदान होऊ शकतं. किती तास खेळतोस, एवढ्यावरून काही ठरत नाही. दिवसाला आठ तास सराव करणारा स्पर्धक झोप, पैसा, नाती सांभाळून असेल तर त्याला हा विकार नाही, आणि तीन तास खेळणारा खोटं बोलून, कर्ज काढून खेळत असेल तर असू शकतो. तुझ्या पत्रात तिन्ही खुणा दिसतात, काळ सात महिन्यांचा आहे. निदान पत्रावरून करायचं नसतं आणि मी ते करणार नाही. पण वाट बघत बसायची वेळ गेली आहे, हे मात्र नक्की.

त्याहून मला जास्त काळजी वाटते ती तू न लिहिलेल्या गोष्टीची. दिवाळीला घरी गेला नाहीस. अभ्यासिकेत जात नाहीस. स्वतःसाठी वापरलेले शब्द फार कडू आहेत. हे सगळं नैराश्यातही असंच दिसतं. तर आज दोन प्रश्नांची उत्तरं लिहून काढ. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश होतं का? आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी, म्हणजे क्रिकेट असो, मित्रांसोबतचा चहा असो, त्यांतला रस गेला आहे का? यांतल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, गेमचं नियोजन त्यांच्या सल्ल्याने. गेम खेळतानाही आता मजा येत नाही, नुसतं बसून राहतोस, असं असेल तर तेही डॉक्टरांना सांग. आणि जगण्यात अर्थ नाही, मरून जावं, असा विचार येत असेल तर हे पत्र पुढे वाचू नकोस. रूम पार्टनरला उठव आणि १४४१६ हा क्रमांक लाव. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे. मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. पहाटे चारलाही कुणीतरी फोन उचलतं.

पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा. खर्च खाजगीच्या मानाने अगदी कमी येतो. बाकी जिल्ह्यांतल्या वाचकांनी जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागाची चौकशी करावी. डॉक्टरांसमोर कुठून सुरुवात करायची असा प्रश्न पडतो, म्हणून एक वाक्य तयार ठेव : ‘सात महिने रोज सात-आठ तास गेम खेळतोय, बंद करता येत नाही, झोप उलटी झाली आहे आणि उसने पैसे झालेत.’ एवढ्यावर ते पुढचं विचारतील. झोप, भूक, लहानपणापासून लक्ष टिकत नसे का, चारचौघांत बोलायची भीती वाटते का, हे विचारलं तर ते विषय सोडून बोलतायत असं समजू नकोस. लक्ष न टिकण्याचा विकार किंवा लोकांची धास्ती अनेकदा गेमच्या मागे दडलेली असते. गेमिंगवर अशी खास गोळी नाही. समुपदेशन, विशेषतः विचार आणि सवयी बदलण्याची ठरावीक बैठकांची उपचारपद्धती, यावर भर असतो. नैराश्य असेल तर त्याची औषधं वेगळी. ती सुरू झाली तर परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात. आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करायची नाहीत.

आता रोजचं.

पहिले तीन दिवस काहीच बदलू नकोस, फक्त मोज. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ उघड, तिथला गेमचा खरा आकडा वहीत उतरव. अंदाज लिहू नकोस, अंदाज नेहमी कमी असतो. शेजारी प्रत्येक बैठकीआधी काय घडलं होतं तेवढं एका ओळीत लिही : ‘अण्णांचा फोन झाला’, ‘निवड झालेल्या मित्राचं स्टेटस पाहिलं’, ‘जेवून आडवा झालो’. तीन दिवसांत दिसेल की ओढ दिवसभर सारखी नसते. ती दोन-तीन ठरलेल्या जागांवरूनच येते, आणि पुढची सगळी आखणी त्या जागांभोवती करायची आहे.

चौथ्या दिवसापासून चार आठवडे पूर्ण बंद. तुझ्यासाठी ‘रोज दोनच मॅच’ हा नियम मी सुचवणार नाही. टियर घसरतोय आणि स्क्वॉड बोलावतोय, अशा अवस्थेत दोनवर थांबणं हे पूर्ण थांबण्यापेक्षा अवघड असतं. (ज्यांचं खेळणं अजून हाताबाहेर गेलेलं नाही त्यांनी मात्र मोजून खेळावं, आणि तेही तासांत न मोजता मॅचमध्ये. अलार्म मॅचच्या मध्यावर वाजतो, मध्ये सोडलं तर तिघांचं नुकसान, म्हणून तो बंद केला जातो. ‘जेवणाआधी दोन मॅच’ हे पाळता येतं. हरल्यावर ‘ही भरून काढतो’ म्हणून लावलेली मॅच सर्वांत महागात पडते, त्यामुळे दोन हरल्या की दिवस संपला, असा नियम ठेवावा.)

बंद करायची वेळ सकाळची निवड, झोप झालेली, पोट भरलेलं असताना. आधी स्क्वॉडला व्हॉइसवर सांग, ‘महिनाभर नाही, मला बोलावू नका.’ न सांगता गायब झालास तर रात्री दहाला फोन येणारच. क्लॅन सोड, ग्रुपमधून बाहेर पड, स्ट्रीम करणाऱ्यांची चॅनल अनसबस्क्राइब कर. मग ज्या खात्याने लॉगिन करतोस, गुगल असो की फेसबुक, ते गेमपासून तोड किंवा त्याचा पासवर्ड रूम पार्टनरला बदलायला लाव आणि त्याच्याकडेच राहू दे. गुगलवरच तुझे अर्ज, हॉल तिकीट, मेल असतील तर त्यासाठी आधी दुसरं खातं काढून ठेव. ॲप सगळ्यात शेवटी काढ.

पहिले चार-पाच दिवस चिडचिड होईल, हात शिवशिवतील, सगळं बेचव वाटेल. दारू सुटताना जसा शरीराला धोका असतो तसा इथे नाही. त्रास आहे, पण तो दोन आठवड्यांत बराच उतरतो. ओढ येते ती भरतीसारखी चढते आणि साधारण वीस मिनिटांत ओसरते. तेवढी वीस मिनिटं फोन रूमवर ठेवून जिना उतर, कोपऱ्यापर्यंत चालून ये. सर्वांत अवघड तास मध्यरात्रीनंतरचे, कारण तुझ्या शरीराला अजून चारलाच झोप येते. त्यासाठी आधीच काहीतरी हाताशी ठेव : छापील पुस्तक, हाताने उतरवायच्या नोट्स, कपडे धुणं. बिछान्यावर पडून छताकडे बघत राहिलास तर फोन हातात येणारच.

झोपेबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच सगळे चुकतात. ‘आज रात्रभर जागतो, उद्या दहाला झोपतो’ हा प्रयोग तू केला असशील. तो दोन दिवस चालतो, तिसऱ्या दिवशी घड्याळ मूळपदावर येतं. झोपायची वेळ ओढून अलीकडे आणता येत नाही, उठायची आणता येते. आज बाराला उठतोस तर दोन दिवस साडेअकराला, पुढचे दोन दिवस अकराला, असं दर दोन दिवसांनी अर्धा तास मागे. साडेसातपर्यंत यायला नऊ टप्पे, म्हणजे १८ दिवस. आदल्या रात्री कितीही वाजता झोप लागलेली असो, उठायची वेळ हलवायची नाही, रविवारीही नाही. उठल्यावर तासाभरात गच्चीवर वीस-तीस मिनिटं उन्हात ये. शरीराचं घड्याळ प्रकाशावर लागतं, खिडकी बंद असलेल्या कॉट-बेसिसच्या खोलीत ते लागत नाही. चार वाजल्यानंतर चहा नको. दुपारी डुलकी घ्यायचीच तर तीनच्या आत आणि वीस मिनिटं. फोनचा चार्जर उशाच्या सॉकेटमधून काढून दाराजवळच्या सॉकेटला लाव आणि उठण्यासाठी दीड-दोनशे रुपयांचं साधं गजराचं घड्याळ आण. फोनचाच गजर ठेवलास तर फोन उशाशी येतो आणि मग बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

रिकाम्या झालेल्या तासांत ‘आता दहा तास अभ्यास’ असं ठरवू नकोस, आठवड्यात मोडशील. मघाशी म्हटलं, तुला निकाल हवा असतो. तर अभ्यासाचाच निकाल अर्ध्या तासावर आण. मागच्या वर्षाच्या प्रश्नपत्रिकेतले २५ प्रश्न, २५ मिनिटं, लगेच उत्तरतालिकेशी ताडून वहीत आकडा : १३, १५, १२, १६. चुकलेल्यांपैकी तीन प्रश्नांचं मूळ पुस्तकात शोध आणि ऊठ. पहिल्या आठवड्यात दिवसाला अशा चारच बैठका, अभ्यासिकेत, सकाळच्या वेळी. संध्याकाळी एक तास शरीर आणि माणसं एकत्र येतील असं काहीतरी हवं : बॅडमिंटन, टेकडी, नाही तर मेसवर कुणासोबत तरी जेवण. स्क्वॉडने जी सोबत दिली होती ती पुस्तक देत नाही.

एखाद्या रात्री खेळशील. बहुतेक जण खेळतात. तेव्हा सकाळी तारीख, वेळ आणि ‘आधी काय घडलं’ एवढं लिही आणि ठरलेल्या वेळी ऊठ. ‘आता मोडलंच आहे तर हा आठवडा जाऊ दे’ या विचाराने जेवढं नुकसान होतं, तेवढं त्या एका रात्रीने होत नाही. आणि एक पहारा ठेव : गेम सुटल्यावर तेच तास रील्सकडे किंवा पैसे लावायच्या ॲपकडे सरकतात.

पैशांच्या ॲपबद्दल, कारण ही ओळ वाचणाऱ्यांत रमी आणि फँटसीवाले असतील. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम पुरवणं देशात गुन्हा ठरलं. शिक्षेचा रोख चालवणाऱ्यांवर आणि जाहिरात करणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्यावर नाही. तेव्हा हरलेल्याने पोलिसांच्या भीतीने मदत टाळू नये. टेलिग्रामवरच्या लिंकवरून परदेशी ॲप चालू ठेवणाऱ्यांना एवढंच सांगेन, तिथे जिंकलेले पैसे हातात येतीलच याची हमी नाही आणि दाद मागायला जागाही नाही. फसवणूक झाली असेल तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच कळवा.

तुझे १४ हजार. प्ले स्टोअरमध्ये खरेदीची जुनी यादी दिसते; ती उघडून सात महिन्यांची बेरीज कर, आकडा १४ हजारांपेक्षा मोठा निघू शकतो. तिथे जोडलेलं यूपीआय आणि कार्ड काढून टाक, प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं सेटिंग कर, यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे चालू असेल तर रद्द कर. पार्टनरला ‘देतो लवकर’ न म्हणता कागदावर लिहून दे : महिन्याला एक हजार, १४ महिने, पाच तारखेला. फेडण्यासाठी झटपट कर्ज देणाऱ्या ॲपकडे वळू नकोस. आयडी विकून पैसे उभे करायचा विचारही सोड. ते गेमच्या नियमांत बसत नाही आणि त्या व्यवहारांत फसवणूक फार होते.

गावी जायचं का? जाण्याचा फायदा खरा आहे. खोली, कॉट, रात्रीचे दहा, या सगळ्या जुन्या खुणा सुटतात, घरचं जेवण आणि सकाळचं ऊन मिळतं. पण फोन आणि डेटा पॅक सोबतच जातो, आणि काहीही न सांगता गेलास तर ‘काय झालं, का आलास’ याला तोंड देताना पुन्हा त्याच स्क्रीनमागे जाऊन बसशील. मला मधला मार्ग बरा वाटतो : सांगून, तीन आठवड्यांसाठी, परतीची तारीख ठरवून. डॉक्टरांना आधी दाखवून जा, म्हणजे पुढची भेट फोनवर होईल का ते विचारता येईल.

परीक्षा सोडायची की नाही, हे मात्र आत्ता ठरवू नकोस. झोप उलटी असताना घेतलेला कुठलाच मोठा निर्णय विश्वासाचा नसतो. सहा आठवड्यांनी बस. तेव्हा एक गोष्ट मनाशी प्रामाणिकपणे तपास : खुल्या प्रवर्गाला वयाची अट ३८ पर्यंत आहे, म्हणजे आयोग तुला थांबवणार नाही. ‘एक शेवटची मॅच’ आणि ‘एक शेवटचा अटेम्प्ट’ यांत तुझ्या मनाची चाल सारखी तर नाही ना? वहीतले आकडे चढत असतील तर आणखी एक प्रयत्न, तारीख घालून. नसतील तर पदवीवर मिळणारी नोकरी बघत तयारी, यातही कमीपणा नाही.

हे वाचणाऱ्या आई-वडिलांसाठी थोडंसं. मुलगा झोपेत असताना फोन काढून घेणं, फोडणं, वायफाय तोडणं, हे रागात सुचतं. त्यातून भांडण हातघाईवर येतं, मुलं घर सोडून जातात, कधी जिवाचं बरंवाईट करतात. वीस-बावीस वर्षांच्या माणसाला नियम त्याच्याशी बोलूनच ठरवावे लागतात. ‘किती वेळ खेळतोस’ याऐवजी ‘झोप लागते का रे’ असं विचारा. उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. आणि ‘सुधारून देतो’ म्हणून कोंडून ठेवणाऱ्या केंद्रांपासून दूर राहा. बहुतेकांना भरती व्हायची गरज पडत नाही.

आता अण्णा. आधी रूम पार्टनरला सगळं सांग, त्याला निम्मं माहीत आहेच. एकदा तोंडाने बोलून झालं की दुसऱ्यांदा शब्द सापडतात. मग अण्णांना संध्याकाळी, शेतावरून येऊन जेवण झाल्यावर फोन कर. माफीने सुरुवात करू नकोस, त्यांना आधी भीती वाटेल. असं म्हणता येईल :

‘अण्णा, मी ठीक आहे, पण एक खरं सांगायचंय. पूर्व गेल्यापासून माझा अभ्यास झालेला नाही. मी रात्रभर मोबाइलवर गेम खेळत होतो आणि तुम्हाला खोटं सांगत होतो. मित्राचे १४ हजार देणं आहे, ते मी महिन्याला एक हजार करून फेडतोय. बुधवारी ससूनमध्ये दाखवायला चाललोय. त्यानंतर तीन आठवडे घरी येऊ का?’

मग थांब. ते रागावतील, नाही तर गप्प होतील. फोन ठेवू नकोस. आणि हा फोन बुधवारच्या आधी, सोमवारी कर, म्हणजे त्यांना एसटी पकडून तुझ्यासोबत यायचं असेल तर येता येईल.